उपासनेत ड्रम-कीबोर्ड हवेत का? मंडळी गप्प का झाली?

पेटीवाला_नगर
गेल्या रविवारी आमच्याकडे उपासनेच्या सुरुवातीला वीस मिनिटं ‘वर्शिप’ झालं. ड्रम, दोन गिटार, भिंतीवर पडदा. गाणी हिंदी, एक इंग्रजी. आई ब्याऐंशीची. चष्मा पुसून ओळ वाचेपर्यंत पडद्यावर पुढची ओळ यायची. तिसऱ्या गाण्याला ती खाली बसली. नंतर पाळकसाहेबांनी ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातलं कवी ना. वा. टिळकांचं गीत सांगितलं, तर आईनं पुस्तक न उघडता, डोळे मिटून सगळी कडवी म्हटली.
टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताला अभंगाच्या चालीत बसवलं. म्हणून तो आमच्या माजघरात आला. ज्यात मंडळी गात नाही ती उपासना नाही, कार्यक्रम आहे.

शनिवारचा_सराव
काका, मी अशाच एका टीममध्ये कीबोर्ड वाजवते. बायबलमधलं दीडशेवं स्तोत्र काढून बघा. कर्णा आहे, वीणा आहे, डफ आहे, झांजा आहेत. पेटी नाही! तुमची पेटीसुद्धा 19व्या शतकात युरोपातूनच आली.
दोन वर्षं मी चर्चची पायरी चढले नव्हते. मैत्रिणीनं सरावाला ओढून नेलं. तिथं नुसते तीन कॉर्ड धरून बसले होते आणि रडू आवरेना. प्रवचनानं जे झालं नाही ते त्या पडद्यावरच्या गाण्यानं झालं. त्याला कार्यक्रम म्हणू नका.

पेटीवाला_नगर
तुझं रडू खरंच आहे गं. पण एक सांग, गाण्याची पट्टी कोण ठरवतं?

शनिवारचा_सराव
पुढे गाणारा.

पेटीवाला_नगर
तिथंच घोळ आहे. त्याचा गळा चढतो, आमचा चढत नाही. दुसऱ्या कडव्याला मागचे चार बाक मुके.

वसईकर
आम्ही कॅथलिक. दुसरी व्हॅटिकन परिषद (1962-65) होईपर्यंत मिस्सा, म्हणजे आमची उपासना, लॅटिनमध्ये असायची. आजीला उत्तरं तोंडपाठ, अर्थ विचारला तर हसायची. तिची भक्ती खोटी कशी म्हणू? दुसरीकडे गोव्यात फादर स्टीफन्सनी 1616 मध्येच ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली होती. म्हणजे ओवी घरात असून आम्ही साडेतीनशे वर्षं लॅटिन म्हणत बसलो. तेव्हा ‘आपली चाल’ आपोआप टिकते या भ्रमात राहू नका, पेटीवाले.

डफ_हलगी
टिळकांबद्दल आदर आहेच. पण ‘आपली चाल’ म्हणजे नक्की कुणाची? नगर-जालना पट्ट्यात ख्रिस्ती झालेले बहुतेक महार-मांग. आमच्या वाड्यात पेटी कुठून असणार? हलगी होती, एकतारी होती. आजोबा लग्नात हलगी वाजवायचे आणि रविवारी ती खुंटीला टांगून, हात धुऊन चर्चला जायचे. तिच्यावर चामडं, तिच्यावर जात, म्हणून ती दाराबाहेर. वरच्या ताईंनी स्तोत्रातला डफ काढलाच आहे, तर तो बघा जरा.

पेटीवाला_नगर
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तरी माझा मुद्दा आवाजाचा आहे. ड्रममध्ये माणसाचा गळा बुडतो.

शनिवारचा_सराव
ड्रमवाल्याला सांगते, काठ्या बदल म्हणून. पट्टीही उतरवून बघू. पण हिंदी गाणी सोडणार नाही. आमच्या मंडळीत निम्मी घरं मराठी नाहीत.

डफ_हलगी
पेटीचं झालं, ड्रमचंही झालं. हलगी खुंटीलाच आहे अजून.