मदत हवी आहे: पावसाळी हवेत १/३२ हरिकेनच्या पंखावरचा ग्लॉस पांढुरका पडला

सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला राहतो आणि गेली अकरा वर्षे प्लास्टिकची विमाने बनवतो. आजवरचे सगळे काम १/७२ आणि १/४८ या प्रमाणांतले. १/३२ चे हे पहिलेच विमान: हॉकर हरिकेन मार्क २ बी, पंखांत बारा मशीनगन असलेले. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार १२.१९ मीटर, म्हणजे मॉडेल ३८ सेंटिमीटरांहून थोडे रुंद होते. लहान विमानाच्या पंखावर एका दमात बसणारा थर इथे तीन-चार पट्ट्यांत मारावा लागतो आणि शेवटची पट्टी मारेपर्यंत पहिली सुकू लागलेली असते, हा फरक मला उशिरा कळला.

मे महिन्यात वरच्या बाजूचे डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन हे दोन्ही रंग, तसेच पोटाकडचा करडा रंग व्यवस्थित मारून झाले. हे रंग लॅकर थिनरमध्ये पातळ होणारे अ‍ॅक्रिलिक आहेत आणि पूर्ण मॅट, म्हणजे बिनचमकीचे आहेत. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे) लावण्यापूर्वी त्यावर ग्लॉसचा, म्हणजे पारदर्शक चमकदार थर द्यायचा होता. तो जूनमध्येच द्यायला हवा होता, पण घरातील एका आजारपणामुळे काम राहिले आणि जुलै उजाडला. आमच्या तालुक्यातला पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. इथून जांबोटी-कणकुंबीकडे जावे तसतसा तो वाढतच जातो. त्या दिवशी खोलीतला आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवत होता. तरीही पाऊस दोन तास उघडला म्हणून मी लॅकर ग्लॉस मारायला घेतला. उजवा पंख ठीक झाला. डावा पंख निम्मा होईपर्यंत एअरब्रशच्या नळीवरील मॉइश्चर ट्रॅपमध्ये (हवेतला ओलावा अडवणाऱ्या भांड्यात) पाणी साठलेले दिसले, आणि पाहता पाहता ओल्या थरावर दुधावर साय धरावी तसा पांढुरका पापुद्रा आला. तो सुकल्यावरही गेला नाही. बोट फिरवले असता तेवढ्याच भागात किंचित खरखर लागते.

थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा ओल्या थरातच उतरतो, हे कारण मला समजले आहे. येथील लाकूडकामाला पॉलिश करणाऱ्या एका जुन्या कारागिराला विचारले, तेव्हा त्यांनी पंख न पाहताच सांगितले, "पावसाळ्यात लॅकर मारायचं न्हाई बघा, पांढरं पडतंय. मारायचंच झालं तर रिटार्डर घालून मारायचं." त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे, पण तो लाकडावरचा आहे. त्यांच्याकडचा रिटार्डर, म्हणजे थर सावकाश सुकू देणारे ब्यूटाइल सेलोसॉल्व्ह, पॉलिस्टायरीनवर (मॉडेलच्या प्लास्टिकवर) आणि त्यावरच्या रंगावर कसा वागेल, हा माझा पहिला प्रश्न आहे. कोणी वापरला असल्यास थिनरमध्ये किती प्रमाणात घातला आणि थर सुकायला किती दिवस दिले, हे कृपया सांगावे.

मी आतापर्यंत दोन गोष्टी केल्या. रंगवलेल्या चमच्यावर तसाच पांढुरका थर मुद्दाम आणला आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या हवेत त्यावर नुसत्या थिनरचा हलका फवारा मारला. पांढुरकेपणा जवळजवळ पूर्ण गेला. तेच पंखाच्या टोकाकडे करून पाहिले, तर डाग गेला, पण जिथे हिरवा रंग तपकिरीत विरत जातो ती कडा मऊ पडून सुमारे दोन मिलिमीटर पसरली. ती कडा साधायला मला तीन संध्याकाळी लागल्या होत्या, म्हणून मी तिथेच थांबलो. दुसरे म्हणजे, पांढुरक्या भागावर सूचनांचे एक बारीक डिकल लावून पाहिले. त्याखाली हवा अडकून ते चंदेरी दिसू लागले. सुईने टोचून दोन वेळा सेटिंग सोल्युशन (डिकल मऊ करून बसवणारे द्रावण) लावले, तरी कडेची चंदेरी रेघ राहिलीच. म्हणजे या थरावर पुढचे काम करता येणार नाही, हे निश्चित.

आता हा भाग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यातून हलका घासून त्यावर पाण्यात पातळ होणारा अ‍ॅक्रिलिक ग्लॉस द्यावा, की रिटार्डर मिसळून पुन्हा लॅकरच मारावा? माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे, कारण त्याने खालच्या रंगाला धक्का लागणार नाही. मात्र दोन पंखांवर दोन जातींचे ग्लॉस असले तर शेवटच्या मॅट थरानंतर चमक वेगवेगळी दिसेल का, ही धास्ती आहे. हरिकेनच्या धडाचा मागचा भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा असे; तिथे मी वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) देणार नसल्यामुळे ग्लॉसही फक्त डिकलपुरताच देण्याचा विचार आहे. पूर्ण भागावर द्यावा असे कोणाचे मत असल्यास तेही ऐकायचे आहे.

दुसरा प्रश्न राउंडेलचा, म्हणजे विमानावरच्या गोल चिन्हांचा. किटमधील राउंडेल युरोपातील विमानांचे, तांबड्या ठिपक्याचे आहेत. मला मात्र १९४४ साली इंफाळहून उडणारे भारतीय हवाई दलाच्या क्रमांक १ च्या स्क्वाड्रनचे विमान करायचे आहे, ज्या स्क्वाड्रनचे नेतृत्व त्या वेळी अर्जन सिंग करत होते. जपानी विमानांवरील तांबड्या गोलाशी गल्लत होऊ नये म्हणून त्या आघाडीवरच्या विमानांवरून तांबडा रंग काढून टाकला होता आणि गडद निळ्याच्या आत फिकट निळा ठिपका असे. हे राउंडेल मास्क (रंग अडवणारी चिकटपट्टी) कापून रंगवावेत असे मला वाटते, म्हणजे चंदेरीपणाचा प्रश्नच उरत नाही. पण माझ्या कंपास कटरने सेंटिमीटरभराचे वर्तुळ कापताना मधले भोक फाटते. हा फिकट निळा कोणत्या रंगांच्या मिश्रणातून साधला आणि एवढी लहान वर्तुळे कशी कापली, हे ज्यांनी केले आहे त्यांनी सांगावे.

याच स्क्वाड्रनचा आग्रह का, तेही सांगतो. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते आणि मार्च १९४४ मध्ये इंफाळजवळच्या सांगशाकच्या लढाईत होते. विमानांतून टाकलेली पुष्कळशी रसद जपान्यांच्या हाती पडताना आपल्या खंदकातून पाहावी लागली, हे ते शेवटपर्यंत सांगत. वडिलांना आता अठ्ठ्याहत्तरावे वर्ष लागले आहे. दसऱ्याला हे विमान आजोबांच्या फोटोखाली ठेवावे अशी त्यांची इच्छा आहे, त्यामुळे दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेची वाट पाहणे मला शक्य नाही.

खोलीत सध्या शंभर वॅटचा दिवा सतत लावून आर्द्रता सत्तरच्या आसपास आणली आहे. पंख वर करून विमान झाकणाच्या खोक्यात ठेवले आहे आणि आपली उत्तरे येईपर्यंत त्याला हात लावणार नाही. उत्तर देताना आपल्या गावची हवा साधारण कशी असते तेही लिहिल्यास उपयोग होईल.