लिफ्ट किट आधी की ब्रेक आधी? भेरूघाटातल्या अनुभवानंतर माझं मत

रामबागकर

गेल्या महिन्यात भेरूघाटात काय झालं ते आधी सांगतो, मत नंतर.

माझी जुनी डबल कॅब डिझेल पिकअप आहे, फोर बाय फोर. शेती बलवाड्याकडे, त्यामुळे इंदूरहून सिमरोल, चोरल आणि घाट हा रस्ता आठवड्यातून दोनदा ठरलेला. पावसाळ्याआधी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये लिफ्ट किट बसवून गाडी दोन इंच उचलून घेतली. पुढे लांब कॉइल आणि शॉकअप, मागे नवे पाटे. टायर 245/70 आर 16 चे काढून 265/70 आर 16 टाकले. गाडी दिसायला लागली छान. ब्रेकला कोणी हात लावला नाही, मीही विचारलं नाही.

त्या दिवशी मागे खताची आठ पोती होती, म्हणजे 400 किलो. घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर पेडल खाली जायला लागलं आणि जळका वास आला. दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढत कशीबशी कडेला घेतली. उतरून बघतो तर पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. मागच्या चाकाच्या रिमला हात लावला तर नुसती कोमट.

हे मला समजायला दोन दिवस लागले. माझ्या गाडीत मागच्या ॲक्सलपासून चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक बारीक दांडी जाते. मागे वजन पडलं, गाडी बसली, की दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी ठेवतो, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. वर्कशॉपने मागून दोन इंच उचलली, पण ती दांडी होती तशीच ठेवली. म्हणजे 400 किलो लादूनही व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच. सगळं काम पुढच्या डिस्कनेच केलं.

म्हणून माझं म्हणणं: पिकअपवर पैसे घालायचे तर पहिला रुपया ब्रेकवर. उंची शेवटी, आणि बहुतेकांना ती लागतच नाही.

काळीमाती

दादा, तुम्ही वाचलात हे महत्त्वाचं. पण निष्कर्ष पटला नाही. चूक वर्कशॉपची आणि शिक्षा लिफ्टला?

माझं शेत देपालपूरच्या बाजूला. जुलैत आमच्या गाडवाटेवर येऊन बघा. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या फूटभर खोल, मधला उंचवटा आधी चिकट आणि मग वाळून विटेसारखा. कंपनीच्या उंचीवर माझी गाडी दर पावसाळ्यात त्या उंचवट्यावर पोट टेकवून बसायची. चारही चाकं फिरतायत आणि गाडी जागची हलत नाही. घरात पेशंट असताना एकदा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढली, रात्री अकराला. ज्यांना डांबरी रस्त्यावरून शेतापर्यंत जाता येतं त्यांनी उंची लागत नाही असं सरसकट सांगू नये.

रामबागकर

रात्रीचा तो प्रसंग वाचून वाईट वाटलं. तरीही एक हिशोब मांडतो. मागचा ॲक्सल अखंड असतो. पाटे उंच केले की चॅसी वर जाते, ॲक्सल नाही. ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा (चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा जमिनीपासून जिथे होता तिथेच राहतो. तो वर जातो फक्त टायरने. 245/70 चा व्यास 749 मिलिमीटर, 265/70 चा 777. फरक 28, त्याचा निम्मा गोळ्याच्या वाट्याला, म्हणजे 14 मिलिमीटर. बोटाची रुंदी! चाकोरीतल्या उंचवट्याला आधी लागतो तो हाच गोळा.

आणि त्या 14 मिलिमीटरची किंमत ब्रेक भरतात. चाक मोठं झालं की त्याच ब्रेकची रस्त्यावरची पकड साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते. मीटरवर 80 दिसतं तेव्हा गाडी 83 ने पळत असते. टायरचं वाढलेलं वजन वेगळं.

काळीमाती

गोळ्याचं बरोबर आहे. पण गोळा चिखलात नांगरासारखी रेघ ओढत जातो, तेवढं चालतं. अडते ती चॅसी, गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी (क्रॉसमेंबर), डिझेल टाकी. ती सपाट आणि रुंद, एकदा टेकली की संपलं. तिथे मला दोन इंच पूर्ण मिळाले. लिफ्टनंतर दोन पावसाळे झाले, एकदाही ट्रॅक्टर बोलवावा लागला नाही. हे मी कागदावरून सांगत नाहीये.

पीथमपूर_दुसरी_शिफ्ट

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, ब्रेकचंच काम. दोघांचंही थोडं थोडं चुकतंय.

घाटात खरा प्रश्न उष्णतेचा. अडीच टनांची भरलेली गाडी 100 मीटर खाली उतरली की जेवढी ऊर्जा मोकळी होते तेवढ्यात साडेसात लिटर पाणी उकळीला येईल. ही उष्णता इंजिनाने घेतली नाही तर चार चाकांतल्या लोखंडानेच घ्यायची. रामबागकर, तुमच्या गाडीत ती दोनच चाकांनी घेतली.

पेडल खाली जायचं कारण बहुधा ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रतीचं ऑइल नवं असताना 205 अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर 140 ला. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. ऑइलला उकळी फुटली की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. गाडी थंड झाली की सगळं पूर्ववत, म्हणून लोकांना वाटतं काही झालंच नव्हतं. शेवटचं ऑइल कधी बदललं होतं?

रामबागकर

खरं सांगायचं तर आठवत नाही. चार वर्षं तरी झाली असतील.

पीथमपूर_दुसरी_शिफ्ट

मग उत्तर त्यातच आहे. दर दोन वर्षांनी बदला, पावसाळा संपल्यावर. लिफ्ट असो वा नसो.

चोरलपार

ब्रेक आधी या बाजूने मीही आहे, आणि मी एक पाऊल पुढे गेलोय. मागचे ड्रम, म्हणजे बंद डब्यासारखे ब्रेक, काढून डिस्क बसवल्या. चोरल नदीतून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी राहायचं, पुढचे चार-पाच ब्रेक नावालाच. काळी माती आत गेली की लायनरवर थर बसायचा, दर महिन्याला ड्रम उघडून खरवडायचा. डिस्क उघडी असते, दोन फेऱ्यांत कोरडी. ज्याला खरंच ब्रेक सुधारायचे आहेत त्याने अर्धवट थांबू नये.

पीथमपूर_दुसरी_शिफ्ट

चोरलपार, पाण्याचं आणि मातीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. तरी मी हे कोणाला सुचवणार नाही, आणि का ते नीट सांगतो, कारण हे किट आता बरेच जण बसवतायत.

ड्रममधला शू, म्हणजे आतून घासणारी ब्रेकपट्टी, फिरणाऱ्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे कमी दाबातही जोर जास्त लागतो. डिस्कला ती मदत नाही. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ऑइलही जास्त लागतं. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप, जुनाच ठेवला तर पेडल पहिल्यापेक्षा खोल जाईल. पुढे-मागे दाब किती वाटायचा हे कंपनीने ड्रम धरून ठरवलेलं असतं, मग ते दांडीच्या व्हॉल्व्हने असो की एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) कॉम्प्युटरने. ते गणित मोडतं. वाहनांच्या चाचण्या घेणारं नॅट्रॅक्स केंद्र आपल्या दारात आहे, तिथला 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक सगळ्यांना माहीत असतो, पण ब्रेकसाठी तिथे वेगळा ट्रॅक आहे. रिकामी गाडी, भरलेली गाडी, ओला पृष्ठभाग, अर्ध्या चाकांखाली घसरडं आणि अर्ध्यांखाली कोरडं, असं सगळं तपासावं लागतं. किट बसवणारा मिस्त्री गल्लीत एक जोराचा ब्रेक मारून बघतो आणि चावी हातात देतो.

आणि तुमचा हँडब्रेक कुठे गेला?

चोरलपार

हँडब्रेकची केबल कॅलिपरला आहे. चढावर भरलेली गाडी पूर्ण धरत नाही, दगड लावतो. बाकी दीड वर्षात मला त्रास नाही. तुमचा मास्टर सिलिंडरचा मुद्दा मात्र तपासून घेतो, पेडल खोल जातं हे खरंय.

नर्मदेकाठची

चढावर गाडी धरत नाही आणि दगड लावावा लागतो, याला त्रास नाही म्हणायचं? दादा, हे वाचून मला झोप लागणार नाही. त्या गाडीमागे कोणाचं तरी लेकरू उभं असतं.

मी बडवाहला राहते, नवऱ्याच्या आजारपणापासून पिकअप मीच चालवते. गाडी कंपनीने दिली तशी आहे आणि तशीच राहणार. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरसीवरचा तपशील आणि कंपनीचं मूळ वर्णन यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182 अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. उद्या अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा गाडीखाली वाकून बघेल. घर एका गाडीवर चालत असेल तर ही जोखीम परवडत नाही.

घाट उतरायचा तर ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. सासऱ्यांनी ट्रक चालवून मला एवढंच शिकवलं. धामनोदजवळच्या गणपती घाटात ट्रकांचे ब्रेक किती वेळा गेले ते इंदूरकरांना सांगायला नको, आणि त्यांतल्या कितींना लिफ्ट होती?

काळीमाती

ताई, कायद्याचं मान्य. पण कायदा माझ्या शेतापर्यंत रस्ता करून देत नाही.

नर्मदेकाठची

रस्ता मागायचा तो पंचायतीकडे, दादा. आमच्याकडे दोन वर्षं मागे लागून मुरूम टाकून घेतला. गाडी उंच करून रस्त्याचा प्रश्न प्रत्येकाने आपापला सोडवला की मागणारं कोणी उरत नाही.

रामबागकर

ताईंचा हा मुद्दा मनाला लागला, उत्तर नाही माझ्याकडे.

माझ्या गाडीचं सांगतो. ऑइल पूर्ण बदललं, डॉट 4. काढलेलं चहासारखं काळपट होतं. पुढचे पॅड आणि डिस्क नवीन. व्हॉल्व्हच्या दांडीसाठी ब्रॅकेट दोन इंच वर घेऊन बसवली. जुने टायर परत चढवले. पाटे तसेच ठेवलेत, कारण भरलेली गाडी आता सरळ उभी राहते.

काळीमाती, एक विनंती. तुमच्या गाडीत दांडी नसली तरी मागचा होज पाइप बघा. जॅक ॲक्सलखाली लावू नका, चॅसीला लावा आणि चाकं मोकळी लोंबू द्या. मग चॅसीपासून ॲक्सलपर्यंतचा रबरी पाइप हाताने हलवून बघा. पुढचेही बघा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून. एबीएसची वायर शेजारूनच जाते, तीही.

काळीमाती

आज सकाळी बघितलं. पुढचे ठीक आहेत. मागचा सतारीच्या तारेसारखा ताणलेला निघाला, आणि वरच्या टोकाला जिथे तो लोखंडी नळीला मिळतो तिथे रबराला बारीक चिरा. गाडी सपाटीवर उभी असताना हे दिसतच नाही, तेव्हा तो व्यवस्थित सैल असतो. दोन पावसाळे मी हा पाइप घेऊन चाकोऱ्यांत चाक लोंबकळवत होतो.

लिफ्ट काढणार नाही. पाइप मिळेपर्यंत गाडी शेडमधून काढणार नाही.

पीथमपूर_दुसरी_शिफ्ट

चाक पूर्ण लोंबलेलं असताना लांबी मोजा आणि वर थोडी ढील धरा. पण गाडी बसल्यावर पाइप टायरला किंवा सायलेन्सरला घासतो का तेही बघा. जास्त लांब घेऊन नवा घोळ नको. दोन पाइप जोडून तर अजिबात नको.

काळीमाती

मोजतो आणि किती निघाली ते इथेच लिहितो.