मदत हवी आहे: घरात एकटा राहिला की कुत्रा सगळं कुरतडतो

नमस्कार मंडळी,

आमचा खंड्या 9 महिन्यांचा, देशी. चौथ्या महिन्यात चावायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, दुधाचे 28 दात पडून पक्के 42 येतायत, हिरड्या शिवशिवतात. गार गाजर, ओला करून गोठवलेला पंचा दिला, फरक पडला. पण आता सगळे दात येऊन 2 महिने झाले, तरी चावणं थांबत नाही.

आम्ही घरात असलो की एकदम शहाणा. दोघंही ऑफिसला गेलो की सोफ्याचा कोपरा, चपला, परवा तर सासूबाईंचा देवपूजेचा पाट. दारावर आतून ओरखडे दिसतात, आणि शेजारच्या काकू म्हणतात, पहिला अर्धा तास रडत असतो. म्हणून मला वाटतं, ही खोडी नाही, त्याला एकटेपणाची भीती आहे. त्याला मारत नाही, ओरडतही नाही. संध्याकाळी रागावून त्याला सकाळचं काय कळणार?

कडू स्प्रे मारला, तोही चाटून टाकला. सकाळी 20 मिनिटं फिरवतो, ते कमी पडत असेल का? एकटं राहायची सवय तुम्ही थोडी थोडी कशी लावलीत, किती दिवस लागले? पुण्यात घरी येऊन, न मारता शिकवणारं कोणी माहीत असेल तर कृपया सांगा. कधी वायर चावेल या धास्तीने ऑफिसात लक्ष लागत नाही.