सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन आणि गोंगाटाचा आरोप

मूळ टिपण
न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेट या चौघांच्या जॅझ गटाचे १९६४ सालचे ध्वनिमुद्रण दोनदा ऐकले. जॉन चिकाय यांचा आल्टो सॅक्सोफोन आणि रॉझवेल रड यांचा ट्रॉम्बोन एकमेकांचे काहीही न ऐकता ओरडत राहतात. पियानो नाही, धरून ठेवावा असा ठेका नाही. हा गोंगाट आहे.

प्रतिसाद १
‘काहीही न ऐकता’ हे वाचून राहवले नाही. चिकाय छोटे, कोरडे तुकडे टाकतात आणि रड त्यांच्या भोवती गुरगुरत, घसरत आपली ओळ गुंफतात. कान उघडा नसेल तर हे जमेल कसे? रड तरुणपणी डिक्सीलँड, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या शैलीचे जॅझ, वाजवत असत. त्या शैलीत कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन एकाच वेळी आपापल्या ओळी विणत असत. तुम्हाला जी अनागोंदी वाटते, ती जॅझची जन्मापासूनची सवय आहे.

मूळ लेखक
हा इतिहास मला शिकवू नका. त्या विणकामाखाली ठेका पक्का असे. येथे ड्रमवरचे मिलफर्ड ग्रेव्ह्ज तो धरतच नाहीत. आणि ट्रॉम्बोनचे ते घसरणे म्हणजे सुरावर नेमके पोहोचता न येणे.

प्रतिसाद २
मी अनेक वर्षे ट्रॉम्बोन वाजवला आहे, म्हणून हे वाक्य मला लागले. मी घसरत सूर घेतला की माझे शिक्षक वादन थांबवत आणि त्याला आळस म्हणत. त्या धाकाने माझे वादन नीटनेटके झाले आणि निर्जीवही. या वाद्याच्या सरकत्या नळीला सात स्थाने मानली आहेत, पण नळीवर खाच कुठेच नसते. नेमकी जागा केवळ कानाने सापडते, आणि दोन जागांमधला सारा प्रदेशही वादकाचाच असतो. रड त्या प्रदेशात हिंडतात. सॅक्सोफोनच्या कळांना ही वाट इतकी सहज मोकळी नसते, म्हणून ही जोडी मला मोलाची वाटते.

मूळ लेखक
तुमच्या शिक्षकांचा राग माझ्यावर काढू नका.

प्रतिसाद १
त्यांच्या मुद्द्याला उत्तर द्या. याच ध्वनिमुद्रणातली ‘रोझमोसिस’ ही रड यांचीच रचना आहे. ती पुन्हा ऐका, फक्त ट्रॉम्बोनवर लक्ष ठेवून.

मूळ लेखक
ऐकली. घसरण्याबद्दलचे वाक्य मागे घेतो. तेथे हेतू आहे, हे नाकारता येत नाही. ठेक्याबद्दलचे मात्र घेत नाही.