ढेकळाच्या परीक्षेवर एवढ्यात निकाल नको

नांगरटीतलं आणि गवताखालचं, दोन्ही ढेकळं पाण्यात टाकून पाहिली, सारखीच टिकली, म्हणजे गवताने मातीत फरक पडत नाही, हे अनुमान आपल्या जांभ्या मातीत फसतं. इथे लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडंच बारीक कण धरून ठेवतात. नांगरली तरी ती पकड सहसा सुटत नाही. गवताची मुळं आणि बुरशीचे धागे बांधतात ते कणांचे पाव मिलिमीटरहून मोठे पुंजके, आणि पाणी झरझर उतरतं ते त्यांच्यामधल्या पोकळ्यांतून. तेव्हा नांगरटीत आणि गवताखाली, दोन्हीकडे पाणी जिरायला लागणारा वेळ मोजा. १५ सेंटिमीटर व्यासाच्या पाइपाचा तुकडा पाच-सहा सेंटिमीटर खोल ठोका, आतली कडेची माती बोटाने दाबा, ४५० मिली पाणी ओता. हा झाला एक इंच पाऊस. जिरला की तेवढंच पुन्हा ओता आणि वेळ धरा ती या दुसऱ्या खेपेची. पहिली खेप कोरडी माती पिऊन टाकते, तिच्यावरून काही कळत नाही.

मोरड म्हणजे चढावरच्या भातशेतात वर्षानुवर्षं चिखलणी झाली असेल तर १५-२० सेंटिमीटरवर कडक थर बसलेला असतो. वरची माती भुसभुशीत झाली तरी उथळ मुळांच्या गवताला तो दाद देत नाही. त्यात जून ते सप्टेंबर गुरं आत सोडलीत तर ओली माती खुरांखाली पुन्हा दाबली जाते. तेवढे महिने गवत कापून घाला.