पेले आणि गोळे: वेगापेक्षा नजर

पेले-गोळ्यांच्या जादूच्या खेळात (उपड्या पेल्यांखाली छोटे गोळे गायब करायचे, पुन्हा आणायचे) हात विजेसारखा चालला पाहिजे, असं एकांनी लिहिलंय. मला उलट वाटतं. घाई दिसली की प्रेक्षक लगेच सावध होतात. गोळा डाव्या हातात दिल्याचं भासवायचं, तर डावी मूठ खरंच काहीतरी धरल्यासारखी किंचित फुगीर हवी आणि तुमची स्वतःची नजर त्या मुठीवरच हवी. गोळा खरं तर उजव्या हातातच असतो आणि तो हात निवांत जादूची कांडी उचलायला जातो. कांडीचा खरा उपयोग तोच, गोळा लपवलेला हात मिटलेला राहायला निमित्त मिळतं.

शेवटी पेल्याखालून गोळ्याऐवजी लिंबू निघतं, ते पेल्याखाली सरकवायचं आधीच्या करामतीवर लोक हसत असताना, तेव्हा कोणी हाताकडे बघत नसतं. पेन आणि टेलर ही अमेरिकन जादूगारांची जोडी तर हा खेळ चक्क पारदर्शक पेल्यांनी करून दाखवते, तरी डोळे गंडतात! (जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी रोमन तत्त्वज्ञ सेनेकानेही पेले-खड्यांच्या फसवणुकीचा उल्लेख केलाय.)

सरावाला आरसा ठीक, पण आरशात आपण आपलेच हात बघत बसतो आणि तीच सवय लागते. त्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ काढा, तोंडाने बडबड चालू ठेवून.