आराखडा होता, अंमल अर्धा झाला

स्वातंत्र्याच्या वेळी ग्रामीण आरोग्याचा आराखडाच नव्हता, असं काहीजण म्हणतात. होता, आणि भक्कम होता. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा अभ्यास करायला ब्रिटिश काळात नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात लगेचच्या टप्प्यासाठी ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं: २ डॉक्टर, ४ सार्वजनिक आरोग्य परिचारिका, ४ सुईणी, शिवाय औषधनिर्माता. पुढे १० ते २० हजारांमागे ७५ खाटांचं रुग्णालय! ऐपत नाही म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत, हे त्यातलं मूळ तत्त्व.

माशी शिंकली ती १९५२ पासून. केंद्रं विकासगटामागे (ग्रामविकासासाठी आखलेल्या गावांच्या गटामागे) एक अशी उघडली, आणि गटाची लोकसंख्या साठ हजार ते लाखाच्या घरात. आजचा निकष सपाटीवर ३०,०००, डोंगराळ-आदिवासी भागात २०,०००. पण रिक्त पदं असतील तर नुसत्या इमारतीने बाळंतपण होत नाही.